पेंढ्याला युरियाची प्रक्रिया



भाताची झोडणी झाली की आपल्या पनवेल भागात घरोघरी पेंढ्याची उडवी उभी राहते. पण वैशाखात नुसता पेंढा खाऊन जनावरांच्या बरगड्या दिसू लागतात, आणि नांगरणी तर तोंडावर आलेली असते. असं का होतं? पेंढा मुळात साखरेच्या कणांनीच बांधलेला आहे. पण लिग्निन नावाच्या चिवट द्रव्याने ती साखर कुलूपबंद केलेली असते. प्रथिनंही शेकडा ३ ते ४ एवढीच.

हे कुलूप युरियाने सैल होतं. ओल्या पेंढ्यावरच्या जीवाणूंमध्ये 'युरिएज' नावाचं विकर असतं. ते स्वतः न संपता युरियाचा अमोनिया करतं. अमोनिया तंतू सैल करतो आणि पुढचं काम गाईच्या पोटातले जीवाणू करतात. पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू केलेल्या इंडियन ऑइलच्या कारखान्याचं सूत्रही असंच आहे. आधी पेंढा उकलायचा, मग विकरांनी साखर सुटी करायची आणि यीस्टकडून तिचं इथेनॉल करून घ्यायचं. हे तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं आहे. आपल्याला मात्र कारखाना नको, अंगणातला कोपरा पुरे.

कृती अशी:

१. कोरडा, बुरशी नसलेला १०० किलो पेंढा घ्यावा.
२. ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावा. मापं तोलूनच घ्यावीत, अंदाजाने नको.
३. प्लॅस्टिकवर पेंढ्याचा थर द्यावा, झारीने द्रावण सारखं शिंपडावं, तुडवून दाबावं. असे थरावर थर रचावेत.
४. वरून प्लॅस्टिक झाकून कडा मातीने लिंपाव्यात. हवा शिरता कामा नये.
५. २१ दिवसांनी उघडावं. पेंढा पिवळसर-तपकिरी व मऊ झालेला दिसेल. लागेल तेवढाच काढून, वास जाईपर्यंत पसरून ठेवावा.

सुरुवातीला नेहमीच्या पेंढ्यात थोडा मिसळून द्यावा आणि आठवडाभरात वाढवत न्यावा. प्रथिनांचं प्रमाण शेकडा ७ ते ८ पर्यंत जातं, जनावर खातंही जास्त. हिरवा चारा आणि खनिज मिश्रण मात्र चालूच ठेवावं.

आता सावधगिरी. सहा महिन्यांखालील वासरांना हा पेंढा देऊ नये. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागू देऊ नका. ते पोटात गेलं तर जनावर दगावतं. जनावर फुगलं, थरथरू लागलं, तर वेळ न दवडता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवा.

यंदा पहिल्यांदा एकाच उडवीतला १०० किलो पेंढा घेऊन करून बघा.