शब्द बदलला कुणी?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर पुढचे वक्ते बोलतील. आमच्या वाट्याला आज वेगळेच काम आले आहे. दुपारी जे ठराव तुमच्यापुढे येणार आहेत, त्यांतल्या चौथ्या ठरावावरून तालुक्याच्या बैठकीत चांगलेच वाजले. मागणीवरून नाही, एका शब्दावरून.

मसुद्यात लिहिले होते, 'आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या विधवांच्या नावे सातबारा विनाविलंब करून द्यावा.' मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. म्हणाल्या, "भाऊ, अकरा एकर मी वाहते. वखर मी धरते, डवरा मी धरते, बोंडअळीची फवारणी मी करते. मले विधवा काहून लिहिता? शेतकरी लिहा न."

बैठक गप्प झाली. मग कुजबुज सुरू झाली. एक जुने कार्यकर्ते वैतागून म्हणाले, "विधवेला विधवा म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे? आता ठरावसुद्धा तोंड सांभाळून लिहायचे का?" खरे सांगतो, आमच्याही मनात त्या घडीला तेच आले होते. ओठावर आले नाही, एवढेच.

ही कुरकुर काही त्या बैठकीतली नाही. पारावर बसा, रोज ऐकू येते. आजकाल बोलायची सोय राहिली नाही. हे म्हणू नका, ते म्हणू नका. अमक्याला वाईट वाटते, तमक्याची केस होते. शहरातली वर्तमानपत्रे याला 'पॉलिटिकल करेक्टनेस' म्हणतात आणि हे फार झाले की अजून कमी आहे, यावर रकाने भरतात. त्यांचा वाद त्यांना लखलाभ. पण गोड शब्दांचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात महाग अनुभव कुणाला असेल, तर तो आपल्याला आहे.

आठवून पाहा. १९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक कायदा केला. कायद्याच्या पुस्तकांत जिथे जिथे 'फॅमिन' हा इंग्रजी शब्द होता, तिथून तो काढून टाकायचा आणि 'स्कॅरसिटी' लिहायचे. म्हणजे दुष्काळ गेला आणि टंचाई आली. कारण काय दिले? सरकार शेतीच्या परिस्थितीवर सतत नजर ठेवून असते, वेळीच मदत करते, तेव्हा आता दुष्काळाला वावच उरलेला नाही! कायद्याने दुष्काळ हद्दपार केला, आणि नऊ वर्षांनी बहात्तर साल उजाडले. इथे बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारा. खडी फोडली, सुकडी खाल्ली, अमेरिकेची तांबडी मिलो दळून खाल्ली. त्या सालाला बहात्तरची टंचाई म्हणणारा एक तरी माणूस कुणाला भेटला आहे का?

बरे, ही खोड जुन्या सरकारांचीच म्हणावी, तर तसेही नाही. २०१५ च्या खरिपात पावसाने दगा दिला. पैसेवारी ५० पैशांच्या आत आली. सरकारने शब्द काढला, 'दुष्काळसदृश परिस्थिती'. सदृश म्हणजे दिसायला तसे, पण तसे नव्हे. विहिरीला तळ दिसतो आहे, चारा नाही म्हणून बैल बाजारात उभा आहे, आणि कागद म्हणतो की हे दुष्काळासारखे दिसते खरे. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तेव्हा कुठे मे २०१६ मध्ये सरकारने आदेश काढला की आधीच्या कागदांत जिथे 'टंचाई' किंवा 'दुष्काळसदृश' असे लिहिले आहे तिथे 'दुष्काळ' असे वाचावे. पेरणी ते कापणी आणि कापणी ते पुढच्या पेरणीचे तोंड, इतका काळ एक शब्द दुरुस्त व्हायला लागला. २०१८ च्या ऑक्टोबरात पुन्हा तेच. आधी १८० तालुक्यांत 'दुष्काळसदृश', मग आठवडाभराने त्यांतल्या १५१ तालुक्यांत 'दुष्काळ'. २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ आणि बाहेरच्या हजारभर महसूल मंडळांत पुन्हा 'सदृश'.

एका शब्दाने काय बिघडते, असे कुणी म्हणेल. दुष्काळ हा शब्द लागला की सरकारवर काही गोष्टी बंधनकारक होतात. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सूट, पोरांच्या परीक्षेची फी माफ, पाण्याला टँकर. शब्द मऊ केला की देणे लांबवता येते. ज्याच्याकडे देणे निघते तोच शब्द बदलतो, ही खूणगाठ बांधून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आणि हेच कारकुनी मराठी जिथे मऊ व्हायला हवे तिथे किती टणक होते पाहा. घरचा कर्ता माणूस कर्जापायी जीव देतो. २००६ च्या शासन निर्णयाने एक लाखाची मदत ठरली, पण कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असले तरच. गावातल्या बिनपरवाना सावकाराकडून व्याजाने काढले असेल, तर प्रकरण 'अपात्र'. बाईच्या हातात कागद पडतो आणि त्यावर तिच्या मेलेल्या नवऱ्यापुढे शिक्का असतो, अपात्र. मरायलाही पात्रता लागते, हे आम्हाला त्या कागदाने शिकवले. 'आत्महत्याग्रस्त' हा शब्द तरी काय आहे? पूरग्रस्त, गारपीटग्रस्त, तसे आत्महत्याग्रस्त. जणू वरून आभाळातून पडले. भावाचे, कर्जाचे, धोरणाचे कुठे नावच नाही.

दुसरा प्रकार ओवाळणीचा. बळीराजा, अन्नदाता, पोशिंदा. राजा म्हणायचे आणि राजाने कापसाचा भाव मागितला की त्याला लाठी दाखवायची. २०१७ च्या कर्जमाफीचे नाव 'सन्मान योजना'. त्या सन्मानासाठी नवरा-बायकोने दिवस दिवस मजुरी बुडवून अंगठे उमटवायला रांगेत उभे राहायचे. २०१९ पासून केंद्राचा 'सन्मान निधी' सुरू झाला, वर्षाला सहा हजार. महिन्याचा सन्मान पाचशे रुपये झाला.

आता कुणी म्हणेल, मग शब्दांना अर्थच नाही, कशाला त्यांच्या नादी लागायचे? तसे म्हणायची सोय आपल्यालाच नाही. 'कर्जमाफी' या शब्दावर शेतकरी चळवळीने किती वर्षे हरकत घेतली? माफी गुन्हेगाराला करतात. ज्याच्या मालाला उत्पादन खर्चाएवढाही भाव मिळू दिला नाही, त्याचे कर्ज हे त्याचे पापच नव्हे. म्हणून माफी नको, मुक्ती म्हणा. २००८ च्या केंद्राच्या योजनेच्या नावात माफी होती आणि पूर्ण लाभ पाच एकरांपर्यंतच होता. आमचा आठ-दहा एकरांचा कोरडवाहूवाला बाहेर राहिला. २०१९ च्या राज्याच्या योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती' आले. नुसत्या नावाने मुक्ती झाली नाही, हे उघड आहे. पण तो शब्द आपण मागितला होता, आपल्या मानेसाठी मागितला होता. तेव्हा आपल्याला कुणी म्हणाले असते की फार नाजूक झालात बुवा, तर चालले असते का?

हाच काटा आता आपल्याकडे वळवू. इथून पुढचे काहींना रुचणार नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ठरवले की गावोगावच्या वस्त्यांची जातीवाचक नावे बदलायची. महारवाडा, मांगवाडा असली नावे जाऊन समतानगर, भीमनगर अशी नावे यावीत. आपल्यातले कितीतरी जण म्हणाले, नावाने काय फरक पडतो? नावाने फरक पडत नसेल, तर मग जुन्याचाच आग्रह का? ज्या पोराला शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर, मनीऑर्डरवर तो पत्ता लिहावा लागला, त्याला विचारा. हा शब्द काही देणे चुकवायला सरकारने शोधलेला नव्हता. तिथे राहणाऱ्यांनी वर्षानुवर्षे तो मागितला होता. पाटी बदलली तिथेही स्मशानाचा रस्ता आणि नळ बाकी असेल, तर त्यासाठी त्यांच्याबरोबर उभे राहू. पण पाटीवरून कुरकुरू नये. त्यात आपल्या खिशातला पैसा जात नाही.

आणि पाटीही राहू द्या, जिभेचे काय? सत्तर वर्षांचा सखाराम आपल्याकडे सालाने राहिला, आणि आपले दहावीतले पोर त्याला 'ए सख्या' म्हणते. आपण ऐकतो आणि गप्प बसतो. तोच पोरगा शहरात शिकायला गेला आणि तिथे कुणी त्याला खेडवळ, गावंढळ म्हणाले की घरी फोन करून रडतो. गंमत अशी की हल्ली कापूस वेचायला बाया मिळत नाहीत. तेव्हापासून आपली जीभ आपोआप सुधारली. 'ए सखे, चल लवकर' म्हणणारे आता सकाळी वस्तीत जाऊन म्हणतात, "मावशी, येता का आज? ऑटो आणला आहे." किलोमागे वेचाईचा दर वाढला आणि त्याबरोबर अहो-जाहोही आले. शिष्टाचार बाजाराने शिकवला. आधीच शिकलो असतो तर काही कमी पडले नसते.

मग फार झाले असे कुठेच होत नाही का? होते. आमच्यासमोरची गोष्ट सांगतो. एक म्हातारा पोराला घेऊन दाखल्यासाठी एका कार्यालयात आला होता. तुरीची मळणी चालू असताना पोराचा उजवा हात यंत्रात गेला. म्हातारा म्हणाला, "साहेब, पोरगा थोटा झाला माहा." टेबलामागचा तरुण म्हणाला, "बाबा, थोटा नाही म्हणायचे. दिव्यांग म्हणा." म्हाताऱ्याने मान हलवली. मग तो तरुण म्हणाला, "आज होत नाही, सर्व्हर बंद आहे. पुढच्या सोमवारी या." बापाची जीभ दुरुस्त केली आणि एसटीचे भाडे वाया घालवून परत पाठवला. २०१५ च्या डिसेंबरात प्रधानमंत्र्यांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला, तेव्हा अपंगांच्याच काही संघटना म्हणाल्या होत्या की आम्हाला दिव्य नको, हक्क हवेत. २०१६ च्या कायद्याने नोकरीतले आरक्षण तीनवरून चार टक्के झाले, ते त्यांच्या कामाचे. लेकराच्या दुःखाने बोलणाऱ्या म्हाताऱ्याचा शब्द पकडायचा आणि काम सोडून द्यायचे, याला आम्ही फार झाले म्हणतो. आपल्या सभेतही हे होऊ नये. ज्याला बोलता येत नाही त्याचे आधी ऐकून घ्यावे.

आता पुन्हा त्या बाईंकडे येऊ. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी सुचवले की विधवांच्या नावामागे 'गंगा भागीरथी' लावावे. लग्नपत्रिकेवरचे जुने 'गं. भा.' तेच. गदारोळ झाला, मग मंत्री म्हणाले की निर्णय झालेला नाही, नुसता प्रस्ताव आहे. नवरा गेलेल्या बाईला नदीचे नाव द्यायचे आणि विहिरीवर मोटर तिच्या नावे करायची नाही! त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड या गावाने ठराव केला होता की नवरा मेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे आमच्या गावात बंद. तिथे शब्द गोड केला नाही, रीत मोडली. सरकारने त्याच महिन्यात सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करायला सांगितले. आपल्या जिल्ह्यात किती गावांनी केले, ते ज्याने त्याने आपल्या गावापुरते सांगावे.

बैठक संपल्यावर आम्ही त्या बाईंचा सातबारा पाहिला. नवऱ्याला जाऊन चार वर्षे झाली. जमीन अजून सासऱ्याच्या आणि दिराच्या नावावर. त्यांचे नाव एका जुन्या नोंदीत सापडले, तेही 'बेवा' या शब्दाच्या पुढे-मागे. नाव नाही म्हणून सोसायटीचे कर्ज नाही, पीकविमा नाही, कापूस विकायला दिराच्या नावाची नोंदणी. पैसे दिराच्या खात्यात. बाई म्हणाल्या, "विधवा म्हटलं का लोक पोतं द्याले येतात, लुगडं द्याले येतात. शेतकरी म्हटलं का वाटा द्या लागते. म्हणून कोणी म्हणत नाही."

आम्ही तिथेच मसुदा काढला आणि 'विधवा' खोडून 'शेतकरी महिला' लिहिले. ज्या जुन्या कार्यकर्त्यांनी हरकत घेतली होती, त्यांनीच पेन दिला. 'आत्महत्याग्रस्त'ही गेला, त्या जागी 'कर्जापायी जीव दिलेल्या' आले. बाईंनी कागद हातात घेऊन सावकाश वाचला आणि 'विनाविलंब' या शब्दावर बोट ठेवले. म्हणाल्या, "हा काढा. हा त्यायचा शब्द आहे. दिवस लिहा."

तीस दिवस लिहिले आहेत. जेवणाच्या सुट्टीनंतर ठराव क्रमांक चार त्या बाईच वाचून दाखवतील. ज्यांच्या घरात असा फेरफार अडलेला आहे, मग तो तलाठ्याकडे अडलेला असो की आपल्याच भावकीत, त्यांनी गट नंबर लिहून मंचाजवळच्या टेबलावर द्यावा.