कॉलेज बदललं, शिक्षण सोडलं नाही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आत्ता माझी ओळख सॉफ्टवेअर इंजिनिअर अशी करून दिली. ही पदवी मी दोन कॉलेजांत मिळून पूर्ण केली. त्याबद्दलच बोलते, कारण दर वर्षी गावातून कुणाचा तरी फोन येतो: "ताई, मुलीला तिथं ठेवणं जमत नाही. परत आणू का?"

मी पहिलं वर्ष धुळ्याला केलं. मालेगावहून धुळं ५० किलोमीटर, नाशिक शंभरच्या पुढं. एसटीनं घरी येता यावं एवढाच हिशोब. पुढं वडिलांच्या आजारपणामुळं घर नाशिकला हलवावं लागलं. नातेवाईक म्हणाले, "मुलीचं इंजिनिअरिंग पुरे आता." तेव्हा आपल्या शाळेतल्या गणिताच्या बाई घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, "कॉलेज बदला, पण शिक्षण सोडवू नका."

हे बोलायला सोपं होतं. मालेगाव आणि धुळं एकाच आग्रा रोडवर असलं, तरी विद्यापीठं वेगळी. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, धुळं तिकडं गेलं. नाशिक जिल्हा पुणे विद्यापीठातच राहिला. म्हणजे मला नुसतं कॉलेज नाही, विद्यापीठही बदलायचं होतं. दुसऱ्या वर्षाला रिकामी जागा हवी, दोन्ही कॉलेजांचं ना-हरकत पत्र हवं, मायग्रेशन सर्टिफिकेट हवं, नव्या विद्यापीठाची पात्रता हवी. बाईंनी दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून विषय जुळवून पाहिले. जे जुळले नाहीत, त्यांच्या परीक्षा मी नंतर जादा दिल्या. त्या वर्षी झोप कमी मिळाली, पण वर्ष वाया गेलं नाही.

आता थोडं बदललंय. २०२१ पासून ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली आहे. मिळवलेली क्रेडिट्स विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतात. पण त्यातली किती धरायची, हे नवं कॉलेज आणि विद्यापीठच ठरवतं. म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा. नव्या ठिकाणची जागा लेखी मिळाल्याशिवाय जुना प्रवेश रद्द करू नका. कोणते विषय जादा द्यावे लागतील, हे आधी विचारा. फी किती परत मिळेल आणि शिष्यवृत्ती पुढं चालू राहील का, हेही विचारा. मूळ कागद कुठंही देण्याआधी झेरॉक्स काढून ठेवा.

पालकांना एक विनंती. मुलगा परगावी अडचणीत आला, तर आपण त्याच्यासाठी दुसरं कॉलेज शोधतो. मुलगी अडचणीत आली, की तिच्यासाठी स्थळ शोधायला लागतो. माझ्या बरोबरीच्या दोघी-तिघी हुशार मुली अशाच मध्येच थांबल्या. त्यांच्या गुणपत्रिका माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. त्यांना बुद्धी कमी पडली नाही. दुसरा रस्ता आहे, हे घरात कुणी सांगितलं नाही.

आज या सभागृहात वकील आहेत, प्राध्यापक आहेत, यंत्रमागाचा धंदा सांभाळणारे आहेत. शाळेतल्या एखाद्या मुलीवर अशी वेळ आली, तर आपल्यापैकी एकानं तिच्या घरी जावं आणि कागद समजावून सांगावेत. बाईंनी माझ्यासाठी तेवढंच केलं होतं.