पिकअप डोंगरात न्यायचीय? आधी गाडीखाली शिरा

(ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी भाषा बोलली तशीच.)

आजचा विषय बऱ्याच जणांनी सुचवला होता. पिकअप ऑफरोडसाठी तयार कशी करायची आणि केल्यावर ती टिकवायची कशी?

माझं गॅरेज साताऱ्याच्या पश्चिमेला, घाट चढायच्या अलीकडे आहे. माझ्याकडे येणारे निम्मे लोक पिकअपवर पोट भरणारे. दूध, स्ट्रॉबेरी, कोंबडीखाद्य, वाळू-सिमेंट, काय वाट्टेल ते वाहतात. उरलेले हौशी. २०१६ मध्ये इसुझुची व्ही-क्रॉस आपल्याकडे आली, २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आली, महिंद्राच्या फोर बाय फोर पिकअप तर आधीपासून होत्याच. तेव्हापासून हौशी मंडळी वाढली. चांगली गोष्ट आहे, माझी तक्रार नाही.

पण हौशी माणूस गॅरेजमध्ये आला की पहिला प्रश्न ठरलेला: "मिस्त्री, काय काय लावू?" मी उलटा विचारतो: कुठं जाणार? माल किती टाकणार? आणि उतरणार कुठल्या घाटानं? चढायचं सगळ्यांच्या डोक्यात असतं, उतरायचं कुणाच्याच नसतं.

आजच्या भागाचं सार आधीच सांगून टाकतो. गाडीला तुम्ही जे जे लावता त्याचा भार गाडीतला दुसरा कुठला तरी पार्ट उचलतो. तो पार्ट कुठला, हे माहीत असेल तरच लावा. आणि जे लावलं ते सांभाळावं लागतं. बदल एकदाच होतो, त्याची देखभाल मात्र हप्त्यासारखी दर महिन्याला असते.

सुरुवात टायरपासून. पहिला पैसा टायरवरच घालावा हे माझं ठाम मत आहे. डांबरी रस्त्याचे टायर काढून चांगले ऑल-टेरेन टायर घातले की निम्मं काम झालं. पण लोक तिथं थांबत नाहीत, साइज वाढवतात. आता हिशोब बघा. २४५/७० आर १६ या टायरची एकूण उंची साधारण ७४९ मिलिमीटर. त्या जागी २६५/७५ आर १६ घातला की ती होते ८०४. फरक ५५ मिलिमीटरचा. पण गाडीचं पोट जमिनीपासून वर जातं त्याच्या निम्मं, म्हणजे सव्वा इंचाच्याही आत.

त्या सव्वा इंचासाठी दिलं काय? चाक सात टक्के मोठं झालं. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८६ च्या आसपास पळत असते. प्रत्येक गिअर सात टक्क्यांनी लांबला, म्हणून चढाला दम कमी पडतो आणि क्लच जास्त घासतो. ब्रेकचंही तेच: डिस्क तीच, पॅड तेच, पण चाकाचा घेर मोठा, म्हणून रस्त्यावर लागणारा जोर तेवढाच कमी. वर टायर जड, त्यामुळे बेअरिंग आणि बॉल जॉइंटवर मार वेगळा.

म्हणून मी सांगतो: साइज कंपनीची ठेवा, नक्षी बदला आणि हवा वापरायला शिका. भुसभुशीत जागी ३२-३४ ची हवा २० वर आणली की टायर पसरतो, लांब होतो, पकड वाढते. हा बदल फुकट आहे. १५ च्या खाली मात्र जाऊ नका, वळताना टायर रिममधून सुटायची भीती असते. आणि डांबरावर आलात की आधी हवा भरा, मग चहा प्या. कमी हवेत वेगानं पळवलं की टायरची बाजू तापून फाटते. गाडीत एक छोटा कॉम्प्रेसर ठेवा, दिखाऊ दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त कामाला येईल.

आता उंची. "गाडी उचलायची" हा सगळ्यात आवडता बदल आणि सगळ्यात कमी समजलेला. पिकअपला मागं पाटे असतात. पाट्याखाली ठोकळा टाकला किंवा पाटा वाढवला की मागची बाजू वर. पुढं स्प्रिंग बदलली की पुढची वर. दिसायला सोपं आहे.

गेल्या वर्षी दोन पिकअप एकाच आठवड्यात माझ्याकडे आल्या. एकच कंपनी, एकच मॉडेल. पहिली बाहेरून दोन इंच उचलून आणलेली, मोठे टायर, पुढं लोखंडी बंपर, वर कॅरियर. मालकाचं म्हणणं असं की माल भरून घाट उतरताना जळका वास येतो, आणि परवा तर पेडल एकदम खाली गेलं. नशीब, डोंगराच्या बाजूला गाडी घेता आली. त्यानं ब्रेक पॅड नवे घातले होते, तरी तेच.

खाली शिरलो तर उत्तर मागच्या अ‍ॅक्सलजवळ होतं. अनेक पिकअपमध्ये, जुन्यांत तर हमखास, तिथं एक व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. हौद्यात माल भरला की गाडी बसते, दांडा हलतो, व्हॉल्व्हला कळतं की मागं वजन आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर देतो. गाडी रिकामी असली की प्रेशर कमी, म्हणजे मागची चाकं जाम होऊन घसरत नाहीत. आता गाडी दोन इंच उचलली आणि हा दांडा तसाच ठेवला, तर माल भरलेला असला तरी व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामा आहे! मागचे ब्रेक निम्म्या मनानं काम करतात आणि सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो. त्यात टायर मोठे, बंपरचं वजन वेगळं. डिस्क तापते, ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं.

ब्रेक ऑइलही तीन वर्षांचं जुनं निघालं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ नवं असताना त्याचा उकळबिंदू किमान २०५ अंश असतो, ओल धरलेल्या ऑइलला तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ला २३० आणि १५५. आपल्याकडं पावसाळा केवढा! महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. त्या हवेत दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणं म्हणजे चैन समजू नका.

दुसरी पिकअप दूधवाल्याची. पलीकडच्या वाडीतून रोज पहाटे कॅन घेऊन येतो. कंपनीच्या साइजचे ऑल-टेरेन टायर, इंजिनखाली एक पत्रा, बस्स. पाच वर्षांत रस्त्यात अडकली नाही. त्याची कमाल एकच: दर रविवारी सकाळी तासभर तो गाडीखाली असतो. ग्रीस गन, पाना आणि पांढऱ्या रंगाचा ब्रश. प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टवर त्यानं रेघ मारून ठेवलीय. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. हजारो रुपयांच्या कुठल्या ॲक्सेसरीपेक्षा ती रेघ भारी आहे.

तरी उंची वाढवायचीच असेल तर दोन इंचांवर जाऊ नका. आणि त्याबरोबर ही कामं करून घ्याच: मागचा व्हॉल्व्ह सेट करणं, ब्रेकचे रबरी पाइप पूर्ण खाली लटकलेल्या चाकाला पुरतात का ते बघणं, अलाइनमेंट, हेडलाइट खाली करणं. पुढच्या शाफ्टचे बूट जास्त कोनात आले की लवकर फाटतात, त्यांच्यावर नजर ठेवा. पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. नवा पाटा बसतो, बोल्ट ढिले पडतात.

आता खालचा पत्रा. खडकाळ वाटेला इंजिन आणि गिअरबॉक्सखाली पत्रा हवाच. ४ मिलिमीटर लोखंडी पत्र्याचं वजन चौरस मीटरला ३१ किलो होतं. ६ मिलिमीटर ॲल्युमिनियमचं १६ किलो. निम्मं वजन, पण महाग आणि खडकावर घासलं की चिरतं. दोन्ही चालतं. फक्त पत्र्याला ऑइल काढायचं भोक आणि चिखल बाहेर पडायला फटी असाव्यात. नाहीतर आत लाल माती साचून वाळते, गिअरबॉक्सची उष्णता कोंडते आणि ऑइल गळत असलं तरी दिसत नाही.

मातीवरून आठवलं. आपल्याकडं एकाच दिवसात तीन प्रकारच्या जमिनी लागतात आणि तिन्हींचं वागणं वेगळं. देशावरची काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत भरते आणि टायर गुळगुळीत होऊन जातो. तिथं ताकद चालत नाही, थांबून वाट बघणं चालतं. कोकणात जांभा खरखरीत, पकड छान देतो, पण त्याच्या कडा टायरची बाजू कापतात. आणि समुद्राची वाळू, तिथं गाडी घालूच नका. भरती कुणासाठी थांबत नाही, आणि खारं पाणी चॅसीच्या पोकळीत गेलं की गंज आतून खातो, बाहेरून कळतही नाही.

फोर बाय फोरचं एक. या पिकअपमध्ये बहुतेक करून पुढचा आणि मागचा शाफ्ट थेट एकमेकांना जोडला जातो. वळताना पुढची चाकं जास्त अंतर जातात, मागची कमी. माती असेल तर चाक थोडं घसरून फरक भरून काढतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, मग ताण गिअरवर आणि क्रॉसवर येतो. म्हणून कोरड्या रस्त्यावर टू-एच. आणि महिन्यातून एकदा तरी मातीच्या रस्त्यावर फोर-एच आणि फोर-एल टाकून गाडी चालवा. वर्षभर न वापरलेला लिव्हर नेमका गरजेच्या दिवशी अडतो. तीव्र उतारावर फोर-एल, पहिला गिअर, पाय ब्रेकवरून बाजूला. इंजिनच गाडी धरून ठेवतं.

पाणी. स्नॉर्कल लावला म्हणजे गाडी होडी झाली नाही. तो फक्त इंजिनला वरची हवा देतो. बाकी सगळं पाण्यातच असतं. गरम क्राउन थंड ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सील पाणी आत ओढतं. म्हणून ब्रीदरला नळी जोडून ती उंच न्या. काम थोडक्यात होतं, फायदा मोठा. पाण्यातून आल्यावर क्राउनचं ऑइल तपासा. दुधाळ, चहासारखं दिसलं तर त्याच आठवड्यात बदला. आणि इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी वाहतं असेल आणि तळ दिसत नसेल तर उतरायचं नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो.

अडकलेली गाडी ओढणं, इथं माणसं मरतात, म्हणून नीट ऐका. मागच्या ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा अडकवून झटका द्यायचा नाही. कधीच नाही. तो गोळा तुटला की तोफगोळा होतो. चॅसीला पक्का बसवलेला, वजनाचा आकडा कोरलेला हुक लावून घ्या. गाडीचं भरलेलं वजन तीन टन असेल तर पट्टा निदान आठ टनांचा. पट्ट्यावर मधोमध जाड घोंगडी टाका आणि बघ्यांना पट्ट्याच्या दीडपट अंतरावर पाठवा. पोरं मोबाइल घेऊन पुढं येतात, त्यांना आधी हाकला.

परत आल्यावरचं काम आता झटपट. रिमच्या आतला चिखल काढा, तो वाळला की स्टेअरिंग थरथरतं आणि लोक उगाच बॅलन्सिंगला पळतात. मागच्या ड्रममधली माती धुवा. रेडिएटरच्या जाळीतलं गवताचं बी हलक्या पाण्यानं, इंजिनच्या बाजूनं बाहेर काढा. सील आणि बेअरिंगवर प्रेशरचा फवारा मारू नका, पाणी आत जातं. क्रॉसला आणि पाट्याच्या शॅकलला ग्रीस मारा, जुनं घाण ग्रीस बाहेर येईपर्यंत. एअर फिल्टर बघा, डिझेल फिल्टरचं पाणी काढा. आणि रेघा बघा.

शेवटी कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. लोखंडी बुल बारवर कारवाई करा असं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विम्याचा दावा अडतो तो वेगळाच. म्हणून आधी विचारा, मग पाना लावा.

आणि पठारावर गाडी घालू नका. कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण नाव नसलेले सडेही तसेच आहेत. जांभ्यावर बोटभर माती असते, एका चाकोरीत ती निघून जाते आणि वर्षानुवर्षं तिथं फूल येत नाही.

परवा पावसात रस्ता खचला तेव्हा वाडीतल्या बाळंतिणीला खाली आणलं ते त्या दूधवाल्याच्या पिकअपनंच. त्या रात्री कुणी टायरची साइज विचारली नाही. गाडी सुरू झाली, चढली आणि मुख्य म्हणजे उतरताना थांबली.

तर या रविवारी एकच करा. पोतं अंथरा, बॅटरी घ्या, आपल्या गाडीखाली शिरा. जे दिसेल आणि कळणार नाही त्याचा फोटो पाठवा. पुढच्या भागात तुमचे फोटो घेऊनच बसतो. तोपर्यंत सावकाश चालवा.