वैडूर्य ते बिलोरी

(ढाणकी, ता. उमरखेड, जि. यवतमाळ येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



दख्खनच्या काळ्या कातळात गारगोटी सापडते, अकीक सापडतो. वैडूर्य मात्र या कातळाच्या पोटी जन्मत नाही. तरीही विदर्भभूमीच्या परिसरात हा शब्द फार जुना आहे. महाभारताच्या वनपर्वात पांडव लोमश ऋषींसमवेत तीर्थयात्रा करतात. त्या यात्रेत पयोष्णीचे स्नान आटोपल्यावर युधिष्ठिर वैडूर्य पर्वत आणि नर्मदा यांच्याकडे जातो. पयोष्णी म्हणजे वऱ्हाडातील पूर्णा, असे मानणारे अभ्यासक आहेत. वैडूर्य पर्वत काहीजण सातपुड्याच्या रांगेत शोधतात.

शब्दाची फोड पाणिनीने अष्टाध्यायीत दिली आहे : विदूर येथून निघते ते वैडूर्य. येथे पतंजलीचा चौकस स्वभाव दिसतो. महाभाष्यात तो शंका घेतो, की हे रत्न विदूरात निघतच नाही. ते निघते वालवाय पर्वतात, विदूरात त्याच्यावर केवळ संस्कार होतात. मग सूत्र चुकले काय? त्यावर जी उत्तरे येतात त्यांतले एक मोठे रसाळ आहे. व्यापारी मंडळी वाराणसीला जशी ‘जित्वरी’ म्हणतात, तसे वैयाकरण वालवायालाच विदूर म्हणतात! सूत्रकार पाणिनी पूज्य खरा, पण म्हणून खाण कोठे आहे हा प्रश्न दडपावा, असे पतंजलीला वाटले नाही. हे महाभाष्य वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी मराठीत आणले असून पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ते प्रसिद्ध केले. जिज्ञासूंनी ते अवश्य उघडावे.

पालीत हाच शब्द ‘वेळुरिय’ असा येतो. मूळ शब्द दक्षिणेतील बोलीचा असावा आणि संस्कृताने त्याला आपले वस्त्र चढविले असावे, असे अनेक भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. ते पटण्याजोगे आहे. कारण या रत्नाची प्राचीन खाण तामिळनाडूत पडियूर येथे होती, आणि कोडुमणल येथील उत्खननात त्याचे मणी घडविणाऱ्या कारागिरांच्या खुणा मिळाल्या आहेत.

आज सराफाकडे वैडूर्य मागितले तर तो लसण्या पुढे करील, केतूचा खडा म्हणून. जुने ग्रंथ वाचताना येथेच घोटाळा होतो. कौटिलीय अर्थशास्त्रात वैडूर्याचे रंग सांगितले आहेत : कमळाचा, शिरीषपुष्पाचा, पाण्याचा, बांबूचा, पोपटाच्या पिसाचा. एवढ्या छटा लसण्याच्या नव्हेत. त्या बेरिल नावाच्या खनिजाच्या आहेत. पाचू हा त्याच कुळातला. तेव्हा प्राचीन काव्यातील वैडूर्याच्या भूमीचे वर्णन लसण्याचा करडा-पिवळा रंग मनात धरून वाचले, तर कवीचे चित्रच बिघडते.

हा शब्द पश्चिमेस गेला. ग्रीकांनी त्याचे ‘बेरिल्लोस’ केले. इसवी सन ७९ मध्ये निवर्तलेला रोमन लेखक प्लिनी सांगतो, की ही रत्ने मुख्यतः भारतातून येतात. स्फटिक रंगवून नकली बेरिल करण्याची कलाही भारतीयांना अवगत आहे, असेही तो नोंदवतो. ही दुसरी गोष्ट आपल्याकडे सहसा कोणी सांगत नाही! जर्मन भाषेत चष्म्याला म्हणतात तो ‘ब्रिले’ शब्द याच वंशातला. १७९८ साली वोकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला या खनिजात जे नवे मूलद्रव्य आढळले, त्याचे नावही पुढे बेरिलियम रूढ झाले. पूर्वेस चिनी भाषेत त्याचे ‘लिउली’ झाले आणि पुढे ते काचेलाही लावले गेले.

याच शब्दाची एक शाखा इराणात गेली. तेथे स्फटिकाला ‘बिलूर’, ‘बिल्लौर’ म्हणू लागले, आणि शतकांनंतर मुसलमानी अमदानीत फारसीच्या पालखीत बसून तो शब्द महाराष्ट्रात परतला. आपला ‘बिलोरी आरसा’ तो हाच.

शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, त्यामागे राज्यकर्त्यांची स्वच्छ दृष्टी होती : कारभारातील यावनी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द यावेत. त्या कार्याचा अभिमान बाळगणाऱ्याने प्रत्येक शब्दाची वंशावळ तपासावी. बिलोरीला यावनी म्हणून घराबाहेर काढणारा वैडूर्याच्याच नातवाला बाहेर काढतो. उलट ‘मरकत’ हा देववाणीतला भारदस्त शब्द ग्रीक ‘स्मारागडोस’चा सोयरा असून त्याचे मूळ पश्चिम आशियातील सेमिटिक भाषांत असल्याचे विद्वान मानतात. पाचूसाठी संस्कृत कवींनी तो निःसंकोच वापरला आहे.