सुई बदलून देणाऱ्या बाई

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून कॉम्प्युटरवर बोल असा आग्रह झाला. पण मी बोलणार आहे लेसवर. शिवणाच्या तासाला माझे टाके कसे पडायचे हे ज्यांना आठवतंय, त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

मीरा रोडला पूनम सागरमध्ये आम्ही राहतो. आई गेल्यावर तिच्या शिवणयंत्राच्या खणात बारीक सुती दोऱ्याची चार रिळं सापडली. टाकवेनात. त्याच सुमारास बॉबिन लेस पाहण्यात आली. यात सुई नसते. घट्ट उशीवर नक्षीचा कागद लावायचा, लाकडी बॉबिनांवर दोरा गुंडाळायचा आणि टाचण्या टोचत जाळी विणायची. एका वेळी हातात चार बॉबिन, क्रिया दोनच: एकमेकांवरून ओलांडणं आणि पीळ देणं. म्हटलं, हे जमेल!

उशी गादीवाल्याकडून करून घेतली. त्याने चांगला मऊ कापूस भरला. टाचण्या डुलायला लागल्या. सुताराने बॉबिन दणकट करून दिल्या. आईचा दोरा पटापट तुटायला लागला. एक अख्खं रीळ वाया गेलं. ते काही बाजारात मिळणार नव्हतं. ‘माझा हातच वाईट’ म्हणून सगळं माळ्यावर टाकलं.

मग वाचायला लागले. बॉबिनच्या वजनाने दोरा ताणलेला राहतो. म्हणून बारीक दोऱ्याला हलकी बॉबिन, जाड दोऱ्याला वजनदार. इंग्लंडच्या मिडलँड्स भागात बॉबिनला मण्यांचं कडं असतं. त्याने वजन येतं आणि ती उशीवर घरंगळत नाही. होनिटन लेसची बॉबिन मात्र गुळगुळीत, टोकदार, बिनमण्यांची. कारण तिथे फुलंपानं सुटी विणून जोडतात, आणि जोडताना बॉबिन दोऱ्याच्या फासातून काढावी लागते. लांबलचक काठ विणायला लोडासारखी उशी बरी, काम फिरवत नेता येतं. आपल्याकडे ही कला १८२०च्या दशकात नागरकोइलला मार्था मॉल्ट या मिशनरी बाईंनी मुलींच्या शाळेत शिकवली. म्हणजे हिचंही शाळेशी नातं आहे.

हे वाचताना मला सातवीचा वर्ग आठवला. माझ्या मलमलीच्या रुमालाला भोकं पडत होती. मुली हसत होत्या. बाई आल्या, काही बोलल्या नाहीत. माझ्या हातातली जाड सुई काढून घेतली आणि स्वतःच्या पेटीतली बारीक सुई दिली. तेवढंच. पुढची ओळ सरळ आली होती. मी ते विसरले होते, बाई.

उशी माळ्यावरून काढली. कापूस काढून लाकडाचा भुसा ठासून भरला. सुताराकडून पेन्सिलीहून बारीक बॉबिन करून घेतल्या. दोरा तुटायचा थांबला. हात तोच होता.

आता ऑफिसात एखादं नवीन पोर अडखळलं की ‘याला जमत नाही’ असं शेरा मारायच्या आधी त्याच्या हातात आपण काय दिलंय ते बघते. दरवेळी साधतंच असं नाही, पण बघते.

बाई, हा रुमाल तुमच्यासाठी आणलाय. काठ आईच्या दोऱ्याचा आहे. एका कोपऱ्यात चूक आहे. तुम्हाला ती दिसेलच.