हजेरीपटावरील नावे
(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



आपल्या भागातील शाळेने युद्धात कामी आलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ एक फलक बसवावयाचे योजिले आहे, आणि त्या कामी मंडळाने हातभार लावावा अशी विनंती आपल्याकडे आली आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. वर्गणीविषयी कार्यवाहबाई बोलतीलच. मला आज थोडे निराळे बोलावयाचे आहे. अशा मुलांचे स्मरण करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? संगमरवरावर नावे कोरली, वर्षातून एकदा हार घातला, की ते झाले काय? या प्रश्नाचे उत्तर मला फार दूरच्या एका शाळेच्या हकिकतीत सापडले. ती शाळा मुलींची होती, तेव्हा बायकांच्या सभेत ती सांगणे अधिकच योग्य. ते ठिकाण मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. वाचलेल्या मुलींनी पुढे जे सांगितले व लिहिले, त्याच्या आधारे बोलत आहे.

जपानच्या दक्षिणेस ओकिनावा नावाचे बेट आहे. तेथील नाहा शहराजवळ मुलींच्या दोन शाळा एकाच आवारात भरत असत. एक मुलींचे हायस्कूल आणि दुसरी शिक्षिका तयार करणारी अध्यापनशाळा. एकीच्या मासिकाचे नाव होते ‘ओतोहिमे’ आणि दुसरीच्या मासिकाचे ‘शिरायुरी’. दोन्ही मासिके एक झाली तेव्हा दोन्ही नावांचे तुकडे जोडून ‘हिमेयुरी’ हे नाव तयार झाले. हिमे म्हणजे राजकन्या आणि युरी म्हणजे लिलीचे फूल. फाटकाशी झाडांची दुतर्फा रांग, वसतिगृह, गाण्याचा तास, खेळ, परीक्षेची धास्ती, सारे काही आपल्याकडील मुलींच्या शाळेत असते तसेच होते.

पुढे युद्ध जसजसे जवळ आले तसतसे तास कमी झाले आणि मुलींच्या हाती कुदळ-फावडे आले. विमानतळासाठी माती वाहणे, खंदक खणणे हाच अभ्यास झाला. देशासाठी मरण्यासारखे पुण्य नाही, शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा जीव दिलेला बरा, हे धडे त्यांना शाळेतच मिळत होते. भगिनींनो, मी जन्मभर शाळेत शिकविले आहे. मुले शिक्षकांच्या शब्दावर किती विश्वास टाकतात हे मला ठाऊक आहे, म्हणून या जागी माझे वाचन थांबते.

1945 च्या मार्च महिन्याच्या 23 तारखेस, रात्रीच्या वेळी, या दोन शाळांतील 222 विद्यार्थिनी आणि 18 शिक्षक हाएबारू येथील लष्करी इस्पितळाकडे निघाले. मुलींचे वय 15 ते 19 वर्षांचे. लाल क्रॉसच्या झेंड्याखाली आपण सुरक्षित राहू आणि थोड्याच दिवसांत परत येऊ, अशी त्यांची समजूत होती. कित्येकींनी पाठ्यपुस्तके आणि पेनची पेटी बरोबर घेतली होती. कारण परत आल्यावर अभ्यास मागे पडावयास नको!

शेवटच्या वर्षाच्या मुलींचा निरोपसमारंभ तेथेच एका बराकीत, रात्री, मेणबत्तीच्या उजेडात झाला. बाहेर तोफगोळे पडत होते. या समारंभासाठी मुलींनी एक निरोपाचे गाणे बसविले होते, खंदक खणताना ते गुणगुणून पाठ केले होते. ते म्हणावयाचे राहूनच गेले. त्याऐवजी युद्धाचे गीत म्हणण्यात आले.

ते इस्पितळ म्हणजे टेकडीच्या पोटात खणलेली सुमारे 40 भुयारे. एप्रिलच्या 1 तारखेस अमेरिकन फौज बेटावर उतरली आणि जखमींची रीघ लागली. ज्या मुलींनी घरी कुणाचे बोट कापले तर फडके बांधले असेल, त्यांना रुग्णाचा पाय कापताना धरून ठेवावा लागे, कापलेले अवयव बाहेर नेऊन टाकावे लागत, जखमांतील किडे काढावे लागत. भाताचे पिंप काठीला अडकवून दोघी दोघी तोफांच्या माऱ्यातून वाहून आणीत. त्यातला त्यांच्या वाट्याचा भात पुढे पुढे टेबलटेनिसच्या चेंडूएवढ्या गोळ्यावर आला. आठवडेच्या आठवडे स्नान नाही, केसांत उवा, झोप उभ्याउभ्याच. आपल्यातील प्रत्येकीने एकदा मनाशी आपली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी किंवा नात त्या जागी ठेवून पाहावी. मला अधिक वर्णन करावेसे वाटत नाही.

मेच्या अखेरीस सैन्य दक्षिणेकडे हटले. जे रुग्ण चालू शकत नव्हते त्यांना मागे सोडण्यात आले, आणि कित्येकांना दुधातून विष देण्यात आले. मुली तशाच पावसाचिखलातून दक्षिण टोकाच्या गुहांकडे गेल्या. जूनच्या 18 तारखेच्या रात्री त्यांना सांगण्यात आले की, पथक बरखास्त झाले आहे, यापुढे प्रत्येकीने आपापले पाहावे. चोहीकडे लढाई चालू, बाहेर पडावे तर गोळ्या, आत राहावे तर शत्रूची भीती. दुसऱ्या दिवशी पहाटे इहारा येथील एका गुहेवर हल्ला झाला आणि आत असलेल्या मुलींपैकी बहुतेक धुराने गुदमरून गेल्या. समुद्रकाठी एका गटाने हातबॉम्बने स्वतःचा शेवट केला. दुसऱ्या एका गटातही हातबॉम्ब काढले गेले होते. परंतु त्यांच्याबरोबरच्या नाकासोने सेइझेन या शिक्षकांनी मुलींना आवरून धरले, म्हणून त्या जगल्या. त्या हुकमापूर्वीच्या जवळजवळ तीन महिन्यांत जितक्या मुली गेल्या नव्हत्या, त्याच्या कितीतरी पट, म्हणजे शंभराहून अधिक, पुढल्या काही दिवसांत गेल्या. त्या 240 जणांपैकी 136 परत आले नाहीत. इस्पितळात न गेलेल्या पण युद्धात सापडून मेलेल्या मुली व शिक्षक धरले तर ही संख्या 227 होते. शाळाही उरली नाही. ती पुन्हा कधी उघडली नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळते. या मुलींचे स्मरण कसे झाले?

पहिला दगड बसविला तो आईबापांनी. 1946 सालच्या एप्रिलात किंजो वाशिन आणि त्यांच्या पत्नी फुमि यांनी त्या इहाराच्या गुहेपाशी एक लहानसा स्मृतिस्तंभ उभा केला. त्यांच्या स्वतःच्या पोटच्या मुली या युद्धात गेल्या होत्या. शेतातून, रस्त्यावरून विखुरलेल्या हाडांची गोळाबेरीज करण्याच्या कामी हे दांपत्य पुढे होते. हाडे कोणाची, आपल्या माणसाची की परक्याची, हे पाहावयाला वाव नव्हता.

नंतर या हकिकतीवर पुस्तके निघाली, 1953 मध्ये गाजलेला चित्रपट निघाला, यात्रेकरूंच्या गाड्या येऊ लागल्या. शुभ्र फुलासारख्या, हसत हसत देशासाठी प्राण देणाऱ्या कुमारिका असे चित्र लोकांच्या मनात ठसले. आणि वाचलेल्या मुली? त्या गप्पच होत्या. मैत्रिणीला जखमी स्थितीत टाकून यावे लागले, आपण मात्र जगलो, हे शल्य त्यांना बोलू देत नव्हते. कित्येकींना मेलेल्या मैत्रिणीच्या आईपुढे उभे राहण्याचा धीर होत नसे. संसार झाले, मुलेबाळे झाली, केस पिकले, तरी ती गोष्ट घरातही निघत नसे.

शेवटी त्या बोलल्या, आणि त्यास निमित्त झाली त्यांच्या माजी विद्यार्थिनींची संघटना. शाळा नाही, इमारत नाही, पण माजी विद्यार्थिनींचा मेळावा टिकून होता. आपल्या मंडळासारखाच म्हणा ना! या बायकांनी ठरविले की, लोक जे चित्र रंगवितात ते खरे नव्हे. खरे काय ते आपण आहोत तोवर सांगितले पाहिजे. त्यांनी पैसा उभा केला. पन्नाशी-साठी गाठलेल्या या बायका पुन्हा त्या गुहांत उतरल्या आणि चिखलात रुतलेल्या मैत्रिणींच्या वस्तू, लिहिण्याचे साहित्य, कंगवे शोधून आणले. घरोघरी फिरून छायाचित्रे मिळविली. 1989 सालच्या 23 जूनला त्यांचे संग्रहालय उघडले. पहिले संचालक झाले तेच नाकासोने गुरुजी. त्यांनी 1951 मध्येच वाचलेल्या मुलींच्या आठवणी जमवून पुस्तक प्रसिद्ध केले होते.

या संग्रहालयातील एका दालनाविषयी वाचले तेव्हापासून ते माझ्या मनातून जात नाही. तेथे भिंतीवर मेलेल्या मुलींची आणि शिक्षकांची छायाचित्रे ओळीने लावलेली आहेत. प्रत्येकीखाली तिचे नाव, ती कोठे व कशी गेली, आणि तिचा स्वभाव कसा होता, हे लिहिले आहे. शाळेच्या हजेरीपटावर असतात तशी ती नावे आहेत. फरक एवढाच की, ‘हजर’ म्हणावयास कोणी नाही, म्हणून त्यांच्या वतीने मैत्रिणींनी उत्तर दिले आहे. ‘136’ हा आकडा वाचून आपण हळहळतो आणि पुढे जातो. परंतु एखादी मुलगी गाण्यात हुशार होती, एखादी अबोल होती, हे वाचल्यावर पुढे जाता येत नाही.

त्या बायकांनी आणखी एक गोष्ट केली. आम्ही वीरांगना होतो असे त्या म्हणाल्या नाहीत. आम्हांला जे शिकविले गेले त्यावर आम्ही शंका घेतली नाही आणि युद्ध म्हणजे काय हे ठाऊक नसताना आम्ही त्यात गेलो, हे त्यांनी सरळ सांगितले. संग्रहालयात येणाऱ्या मुलामुलींपुढे उभ्या राहून त्या वर्षानुवर्षे हे बोलत राहिल्या. वयोमानामुळे 2015 च्या मार्चमध्ये त्यांनी ही व्याख्याने थांबविली. तत्पूर्वीच त्यांनी तरुण मंडळींना तयार केले होते. आज ते काम युद्धानंतर जन्मलेली माणसे पाहतात.

आता आपल्याकडे पाहू. साताऱ्याकडील, कोकणातील काही गावांत पहिल्या महायुद्धानंतर बसविलेल्या संगमरवरी पाट्या आपणांपैकी काहींनी पाहिल्या असतील. या गावातून महायुद्धास इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच त्यांवर असते. नाव एकाचेही नाही. त्या माणसांना आया होत्या, बायका होत्या. आज त्यांच्या पणतवंडांनाही आपला पणजोबा त्या आकड्यात आहे किंवा कसे, हे सांगता येत नाही. दगड शाबूत आहे, माणूस मात्र पुसला गेला.

आपल्या शाळेच्या फलकावर नावे असतील, ही चांगलीच गोष्ट. 1962, 1965, 1971, 1999 या सालांच्या लढाया आपल्या घरांपर्यंत पोचल्या होत्या. ओकिनावाच्या मुलींत आणि आपल्या जवानांत फरक आहे, हेही मी जाणते. आपली मुले मोठी होऊन, समजून उमजून, स्वतःच्या पायांनी सैन्यात गेली. त्या मुलींना वडीलधाऱ्यांनी पाठविले. दोहोंना एकाच मापाने मोजणे बरोबर नव्हे. परंतु स्मरणाचे काम दोन्हीकडे सारखेच आहे.

म्हणून माझी सूचना अशी. फलकाची वर्गणी तर आपण देऊच. त्याबरोबर मंडळाने एक जाडशी वही करावी. फलकावरील प्रत्येक नावासाठी आपल्यातील दोघीदोघींनी त्या घरी जावे. आई असेल तर आईशी, नसेल तर पत्नीशी, बहिणीशी, भावाशी बोलावे. त्याच्याशेजारी बाकावर कोण बसे, तो कोणत्या विषयात कच्चा होता, कोणत्या गोष्टीवर हसे, शेवटचे पत्र काय होते, हे विचारावे आणि ते सांगतील तसेच लिहून घ्यावे. मोठमोठी विशेषणे आपल्या पदरची घालू नयेत. कोणी रडल्या तर थांबावे. कोणी बोलावयास तयार नसेल तर चहा घेऊन परत यावे आणि काही दिवसांनी पुन्हा जावे. त्या हिमेयुरीच्या बायकांना तोंड उघडावयास कितीतरी वर्षे लागली, हे ध्यानात ठेवावे. छायाचित्र मिळाले तर त्याची प्रत काढून वहीत लावावी. मिळाले नाही तर ती चौकट रिकामी ठेवावी, पण पान ठेवावे.

ही वही शाळेच्या वाचनालयात राहील. फलकापुढून मुले रोज जातील आणि काही दिवसांनी त्यांचे तिकडे लक्षही जाणार नाही. वही मात्र एखादा सातवीतला मुलगा उघडील, आणि आपल्यासारखाच गणितात नापास होणारा एक मुलगा याच वर्गात बसत होता, हे त्यास कळेल. मग युद्धाच्या बातम्या तो निराळ्या कानांनी ऐकेल.

हे काम पैशाचे नाही, वेळेचे आणि पायपिटीचे आहे. घरोघरी जाऊन सुखदुःख विचारणे हे आपण नित्य करीतच असतो. फक्त या वेळी पदराला पेन्सिल बांधून जावयाचे आहे. या घरांतील वडीलधारी माणसे थकत चालली आहेत, म्हणून हे काम पुढील वर्धापनदिनावर टाकू नये. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर कार्यवाहबाईंकडे नाव द्यावे. पहिले नाव माझे लिहावे.