दारूचा हिशेब
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर आम्ही इतकी वर्षे बोलत आलो. क्विंटलमागे उत्पादनखर्च किती, हे आपल्यातला न शिकलेला माणूसही बोटांवर सांगतो. पण मेळावा संपला की परतीच्या वाटेवर गाडी कुठे थांबते, यावर आम्ही कधी बोललो नाही. आमच्यातला एक जिवाभावाचा कार्यकर्ता गेला. डोळे पिवळे झाले, पाय सुजले, पोटात पाणी झाले, शेवटी रक्ताची उलटी झाली. चाळिशीही गाठली नव्हती. तेराव्याला आम्ही सगळे जेवलो आणि तिथेही तो कशाने गेला हे कोणी बोलले नाही. ती चूक आमची. म्हणून आज हा हिशेब मांडतो.

आधी जमेची बाजू. पिणारा म्हणतो, दिवसभर वखर हाणला, घोटभर घेतली की अंगात जोर येतो. पाहू या. 180 मिलीच्या विदेशी बाटलीवर 42.8 टक्के मद्यार्क छापलेला असतो. म्हणजे सुमारे 60 ग्रॅम. ग्रॅमला 7 उष्मांक धरले तर सव्वाचारशे उष्मांक होतात. सव्वाशे ग्रॅम ज्वारीच्या पिठातूनही जवळपास तेवढेच मिळतात. पण त्या भाकरीबरोबर दहा-बारा ग्रॅम प्रथिने येतात, लोह येते, ब जीवनसत्त्वे येतात. बाटलीत यातले काहीही नाही. वर भूक मरते आणि घरी झाकून ठेवलेली भाकरी-वरण तसेच राहते.

आता खर्चाची बाजू. रोज पिणाऱ्याने जेवले तरी ते अंगी लागत नाही. दारूने जठराचे आणि आतड्याचे अस्तर बिघडते. ब-1 जीवनसत्त्व आणि फॉलिक आम्ल रक्तात नीट शोषले जात नाही. जस्त आणि मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जातात. उताराच्या रानात शेणखत टाकावे आणि पहिल्याच पावसाने ते वाहून न्यावे, तशी गत. दंड-मांड्या वाळतात, रक्त कमी होते, क्षयासारखे रोग लवकर धरतात.

सगळा भार पडतो यकृतावर. ते तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मद्यार्क निस्तरते. रात्री आठला संपवलेली ती बाटली पहाटेपर्यंत त्याला पुरते. लिंबू-ताकाने हा वेग वाढत नाही. रोजचे झाले की यकृतात चरबी साठते. या पायरीवर दारू सोडली तर ते बहुधा काही आठवड्यांत सुधारते. पुढे त्याला सूज येते, मग वण पडून ते निबर होते. निबर यकृतातून रक्त पुढे सरकत नाही, प्रथिने कमी तयार होतात आणि पोटात पाणी साठते. अन्ननलिकेच्या शिरा तटतटून फुगतात. त्या फुटल्या की रक्ताची उलटी. आमचा माणूस याच वाटेने गेला.

ब-1 संपले की पायांना मुंग्या येतात, न पिताही तोल जातो, नजर हलते, आठवण जाते. गावात अशक्तपणा दिसला की सलाईन लावायची पद्धत आहे. असा माणूस दवाखान्यात नेला तर लाज न धरता सांगा, की हा रोज पितो. ब-1 न देता नुसते साखरेचे सलाईन लावले तर मेंदूला इजा होऊ शकते.

फवारणीच्या दिवशी तर थेंबही नको. विषबाधेची चक्कर आणि उलटी लोक दारूची समजतात आणि उपचाराला उशीर होतो.

मायबहिणींनो, यात सगळ्यात जास्त तुम्ही सोसले आहे. गुत्त्यावर गेलेला पैसा तुरीच्या डाळीचा आणि लेकरांच्या दुधाचा असतो. तरी एक सांगणे आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एका रात्रीत तोडू नका. दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, झटके येतात. त्यात जीवही जातो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांनी दाखवून दिले आहे, की दारू सुटते. सुटताना एखादा पुन्हा घसरतो. त्याला हसू नका, पुन्हा न्या.

कोणी म्हणेल, भाव मिळत नाही, कर्ज फिटत नाही, म्हणून माणूस पितो. दुःख खरे आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण दारूने कर्जाचा एक रुपया फिटत नाही आणि लढायला लागणारे शरीर मात्र गहाण पडते.

आजच्या मेळाव्यातून परतताना आमची गाडी गुत्त्यावर थांबणार नाही. तुमचीही थांबवू नका. आणि गावात कोणाचे डोळे पिवळे दिसले तर तेराव्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी त्याच्या ओट्यावर जाऊन बसा, बोला आणि त्याला दवाखान्यात घेऊन जा.